ऑनलाइन विक्रीचे पैसे अडकले? आधी पाहा, ते कोणाच्या हातात आहेत

माझी आत्या इंदूरला राहते. जुन्या नऊवारींच्या गोधड्या आणि कापडी पिशव्या शिवते. मोबाइलवर फोटो टाकते, लोक यूपीआयने पैसे पाठवतात, ती कुरिअर करते. एवढेच तिचे दुकान. गेल्या वर्षी एका सकाळी ती बँकेत लाडली बहना योजनेचा हप्ता काढायला गेली. हप्ता जमा झाला होता, पण निघत नव्हता. काउंटरवरून उत्तर आले, "खातं वरून बंद झालंय." कोणी बंद केले, किती रकमेसाठी, किती दिवस, हे कोणी सांगितले नाही. गोधड्यांचे साडेनऊ हजार आणि योजनेचा हप्ता, दोन्ही एकाच खात्यात अडकले.

तिने मला फोन केला, कारण घरात सरकारी कागद वाचणारी मी. मी या पोर्टलसाठी योजनांची माहिती मराठीत आणते. होल्ड, रिझर्व्ह, लीन, चार्जबॅक, सेटलमेंट हे शब्द माझ्यासमोर रोज येतात. घरगुती बोलण्यात या सगळ्यांचा अर्थ एकच होतो: पैसे अडकले. पण व्यवहारात प्रत्येक शब्दामागे पैसे धरून ठेवणारा हात वेगळा असतो. आणि हात वेगळा, म्हणून कायदा वेगळा, मुदत वेगळी आणि दाद मागायचे दारही वेगळे. चुकीच्या दारात महिनाभर उभे राहिलो तर तो महिना वाया जातो. आत्याचे पहिले बारा दिवस असेच गेले.

म्हणून घरबसल्या ऑनलाइन विक्री करणाऱ्या बहिणी, बचत गट आणि लहान कारागीर यांच्यासाठी हा लेख. अलीकडच्या काही वर्षांत नियम बदलले आहेत. त्यातले कोणते तुमच्या कामाचे आहेत आणि कुठे कायदा अजून लहान विक्रेत्यापर्यंत पोहोचलेला नाही, हे दोन्ही येथे मांडले आहे.

पडद्यावरचा शब्द काय सांगतो

तक्रार करण्यापूर्वी मोबाइलवर आलेला संदेश नीट वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

• "सेटलमेंट पेंडिंग" किंवा "पेआउट ऑन होल्ड" असे विक्री-अ‍ॅपवर दिसत असेल, तर पैसे ऑनलाइन बाजारपेठेकडे आहेत.
• "रिझर्व्ह", "केवायसी पेंडिंग", "चार्जबॅक" किंवा "डिस्प्युट" असा शब्द पेमेंट गेटवेकडून आला असेल, तर पैसे पेमेंट कंपनीकडे आहेत.
• "लीन" किंवा "डेबिट फ्रीझ" असे बँक सांगत असेल, तर पैसे तुमच्याच खात्यात आहेत, पण पोलीस, न्यायालय, कर खाते किंवा कर्ज देणारी बँक यांच्यापैकी कोणाच्या तरी सांगण्यावरून बांधलेले आहेत.
• असा कोणताच संदेश नाही, माल पोहोचला आहे आणि समोरचा फक्त "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणतो, तर पैसे खरेदीदाराकडे आहेत.

आता हे चारही हात एकेक करून पाहू.

पहिला हात: ऑनलाइन बाजारपेठ

मोठ्या विक्री-अ‍ॅपवर ग्राहकाने दिलेले पैसे थेट तुमच्याकडे येत नाहीत. माल पोहोचतो, परतीची मुदत संपते, मग ठरलेल्या दिवशी हिशेब होऊन रक्कम खात्यात जमा होते. ही मुदत तुम्ही खाते उघडताना मान्य केलेल्या करारात लिहिलेली असते. त्यामुळे पहिला प्रश्न असा: पैसे खरोखर अडवले आहेत, की त्यांची तारीख अजून आलेलीच नाही?

दुसरा प्रश्न: कमी आलेले पैसे अडवले आहेत, की कापले आहेत? अ‍ॅपवरून हिशेबाचा तक्ता उतरवून घ्या आणि प्रत्येक ऑर्डरसमोरची वजावट पाहा. कमिशन, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, पाठवणीचा खर्च आणि परत आलेल्या मालाचे भाडे हे कापले जाते आणि परत मिळत नाही. पण दोन वजावटी अशा आहेत की ज्या तुमच्याच नावावर सरकारकडे जमा होतात.

एक, जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून बाजारपेठ टीसीएस कापते. हा दर १ टक्का होता, तो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. दोन, आयकराचा टीडीएस. हाही १ टक्का होता, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. म्हणजे जीएसटी सोडून १,००० रुपयांच्या विक्रीवर टीसीएस ५ रुपये आणि टीडीएस १ रुपया. टीसीएसची रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की तुमच्या रोख खतावणीत येते. टीडीएस तुमच्या २६एएस या विवरणात दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. एखाद्या व्यक्तीची त्या बाजारपेठेवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि तिने पॅन किंवा आधार दिले असेल, तर हा टीडीएस कापायचाच नसतो. पॅन किंवा आधार दिले नसेल तर मात्र ५ टक्के कापला जातो. तेव्हा वजावट जास्त दिसली तर आधी आपला पॅन अ‍ॅपवर बरोबर नोंदला आहे का ते तपासा.

जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा बाजारपेठांवर वस्तू विकता येतात. त्यासाठी पॅन लागतो, जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात करता येते. या अटीत चूक झाली तरी खाते थांबू शकते.

आता खरोखर अडवलेल्या पैशांविषयी. परतावे वाढले, मालाविषयी तक्रार आली, पत्ता किंवा बँक खात्याचे नाव जुळले नाही, अशा कारणांनी बाजारपेठ रक्कम थांबवते. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी. ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले. त्यात तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिनाभरात निवारण करावे असे आहे. पण ती सोय ग्राहकासाठी आहे. विक्रेत्यासाठी हे नियम एवढेच सांगतात की बाजारपेठेने विक्रेत्यांशी असलेल्या संबंधांच्या अटी उघड कराव्यात आणि काही विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल तर तेही सांगावे. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत असे सांगणारा जो कायदा पुढे येणार आहे, तो माल विकत घेणाऱ्याला बांधतो. बाजारपेठ तुमचा माल विकत घेत नाही. ती ग्राहकाचे पैसे गोळा करून तुमच्याकडे पोहोचवते. त्यामुळे तो कायदाही तिला सरळ लागू होत नाही.

म्हणजे सगळ्यात जास्त लहान विक्रेते ज्या दारात उभे असतात, तिथेच कायद्याचे छप्पर सगळ्यात तोकडे आहे. ग्राहकाला महिन्याची मुदत मिळाली, पुरवठादाराला ४५ दिवसांची मिळाली. या दोघांच्या मधल्या विक्रेत्याच्या हाती मात्र मुख्यतः करारच राहतो. धोरण ठरवणाऱ्यांनी पाहावी अशी ही जागा आहे. तोपर्यंत आपण काय करू शकतो?

• अ‍ॅपमधल्या मदत केंद्रातून लेखी तक्रार करा आणि तिकीट क्रमांक जपून ठेवा. फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा उरत नाही.
• तक्रारीत ऑर्डर क्रमांक, रक्कम, पैसे येण्याची तारीख आणि करारातले कलम लिहा. "पैसे द्या" एवढेच न लिहिता "कोणत्या कलमाखाली, कोणत्या ऑर्डरसाठी आणि कधीपर्यंत थांबवले, ते लेखी कळवा" असे विचारा.
• उत्तर आले नाही तर करारात दिलेल्या पत्त्यावर नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. बऱ्याच करारांत लवादाची आणि विशिष्ट शहराची अट असते, ती आधी वाचा.
• जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरा हात: पेमेंट कंपनी

स्वतःचे संकेतस्थळ किंवा पेमेंट लिंक वापरणाऱ्यांचे पैसे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत येतात. या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एकत्रित निर्देश काढले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही: बँक नसलेल्या अ‍ॅग्रिगेटरला ग्राहकांकडून घेतलेले पैसे अनुसूचित वाणिज्य बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. ते पैसे कंपनीला आपल्या धंद्यात वापरता येत नाहीत. तक्रारींसाठी जबाबदार अधिकारी नेमून त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तो संपर्क तिथूनच घ्या, इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर विसंबू नका.

येथे पैसे मुख्यतः तीन कारणांनी अडतात.

ओळख जुळत नाही. पॅनवर एक नाव, बँकेत दुसरे, दुकानाच्या फलकावर तिसरे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे फार होते. बचत गटाचे दुकान असेल तर गटाचे खाते आणि गटाचे कागद द्या. अध्यक्षाचे वैयक्तिक खाते दिले की हिशेब गटातही बिघडतो आणि कंपनीकडेही अडतो. कागद दुरुस्त करून दिले की अशी अडचण सहसा सुटते.

चार्जबॅक. ग्राहकाने आपल्या बँकेला सांगितले की माल मिळालाच नाही, किंवा हा व्यवहार मी केलाच नाही. मग ती रक्कम तुमच्या हिशेबातून परत घेतली जाते आणि तुम्हाला पुरावा मागणारा ईमेल येतो. त्यात उत्तराची मुदत असते. ती चुकली की बाजू खरी असूनही रक्कम जाते. म्हणून नोंदवलेला ईमेल रोज उघडा. बिल, कुरिअरची पावती, माल पोहोचल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेले संभाषण एका जागी ठेवा.

रिझर्व्ह. नव्या किंवा अचानक विक्री वाढलेल्या दुकानाच्या रकमेतला काही भाग कंपनी परताव्यांसाठी राखून ठेवते. दिवाळीत हे हमखास जाणवते: वर्षभर महिन्याला दहा ऑर्डर आणि ऑक्टोबरमध्ये दोनशे. हंगाम सुरू होण्याआधीच कंपनीला लेखी कळवा की विक्री वाढणार आहे. किती भाग राखला जाईल आणि तो किती दिवसांनी सुटेल, हेही विचारून घ्या.

तिसरा हात: गोठलेले बँक खाते

आत्याचे प्रकरण हे होते. हल्ली ही तक्रार वाढते आहे आणि त्यामागची पद्धत समजली की भीती कमी होते.

कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते. तो १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करतो. ही सोय चांगलीच आहे, कारण चोरीचे पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि मधेच त्यातून खरेदीही करतो. समजा त्याने तुमच्याकडून ७०० रुपयांची गोधडी घेतली. तुमचा दोष काही नाही, पण पैशांचा माग काढताना तुमचे खाते त्या साखळीत येते. पोलिसांची सूचना बँकेला जाते. काही बँका तेवढीच रक्कम बांधतात, काही संपूर्ण खाते.

संपूर्ण खाते बांधण्याविषयी न्यायालयांनी आता स्पष्ट बोलायला सुरुवात केली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा अनेक खातेदारांच्या प्रकरणांत, गोठवणे वादातल्या रकमेपुरते ठेवावे असे सांगितले. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका छोले-भटुरे विकणाऱ्याचे प्रकरण आले. त्याच्या खात्यात आलेल्या १०५ रुपयांसाठी सगळे खाते बंद झाले होते. न्यायालयाने खाते मोकळे करायला लावले. रोज कमावून रोज खाणाऱ्याचे खाते बंद करणे म्हणजे त्याची चूल बंद करणे, हे या प्रकरणांतून दिसते.

असे झाले तर या क्रमाने जा:

१. बँकेकडे लेखी अर्ज करा. चार गोष्टी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची सूचना आहे, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादातली रक्कम किती. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

२. त्या पोलीस ठाण्याला ईमेल करा. सोबत त्या व्यवहाराचे बिल, कुरिअरची पावती, ग्राहकाशी झालेले संभाषण, आधार आणि सहा महिन्यांचे खाते-विवरण जोडा. शेवटी एकच मागणी स्पष्ट लिहा: "वादातली रक्कम बाजूला ठेवून उरलेले खाते सुरू करण्यास बँकेस कळवावे." परराज्यातले ठाणे असेल तर पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत असलेले बरे. कोणी फोनवर बोलावले तरी आधी ईमेलवर उत्तर मागा.

३. बँक माहितीच देत नसेल तर बँकेच्या तक्रार कक्षात तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मदतीचा क्रमांक १४४४८. मात्र पोलिसांच्या सूचनेवर बांधलेले खाते लोकपाल उघडून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. बँकेने माहिती न देणे, उत्तर न देणे, चुकीची रक्कम बांधणे या सेवेतल्या त्रुटींसाठी ते दार आहे.

४. पोलिसांकडून हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीचा अधिकार कलम १०६ मध्ये आहे आणि जप्त मालमत्ता परत देण्याची तरतूद कलम ५०३ मध्ये. त्यासाठी वकील लागेल, आणि तो विनामूल्य मिळू शकतो.

चौथा हात: खरेदीदार

एखाद्या कार्यालयाने, दुकानाने किंवा कंपनीने तुमच्या ऑनलाइन दुकानातून घाऊक माल घेतला आणि पैसे थकवले, तर मात्र कायदा तुमच्या बाजूने ठामपणे उभा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ सांगतो: लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण ४५ दिवसांपेक्षा उशिरा नाही. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. माल मिळाल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात.

उदाहरण घेऊ. बंगळूरच्या एका कार्यालयाने तुमच्याकडून ४०,००० रुपयांच्या पिशव्या घेतल्या. करारात त्यांनी "९० दिवसांनी पैसे" असे लिहिले आणि तुम्ही सही केली. तरी कायदा ४५ दिवसच धरतो. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के असेल तर व्याज १८ टक्के.

पैसे आले नाहीत तर आपल्या राज्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. खरेदीदार भारतात कुठेही असला तरी विक्रेत्याच्या राज्यातली कौन्सिल ते प्रकरण ऐकू शकते, त्यामुळे इंदूरच्या बाईला बंगळूरला खेटे घालावे लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी समाधान पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले आणि जून २०२५ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचे नवे पोर्टल आले. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, पण कामाच्या गर्दीत जास्त वेळ लागू शकतो हे मनात धरूनच चला. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

अर्ज करण्याआधीच उपयोगी पडणारे आणखी एक साधन आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरासाठी उत्पन्नातून वजा करता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येतो. म्हणून बिलावर आपला उद्यम क्रमांक ठळक छापा. कंपनीचा हिशेबनीस तो पाहतो.

दोन अटी मात्र विसरू नका. पहिली, उद्यम नोंदणी माल विकण्याआधी झालेली असावी. थकल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर वाद होतात. नोंदणी विनामूल्य आहे, आधार आणि पॅनवर होते. कोणी "सरकारी शुल्क" मागत असेल तर ते संकेतस्थळ सरकारी नाही. दुसरी, हे संरक्षण वस्तू बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. सुरतेहून साड्या आणून ऑनलाइन विकणाऱ्या बाईला हे ४५ दिवसांचे संरक्षण मिळत नाही. स्वतः साडीवर भरतकाम करून विकणारीला मिळू शकते. म्हणून नोंदणीत आपला उद्योग नेमका काय आहे ते बरोबर लिहा.

खरेदीदार सरकारी कार्यालय असेल आणि विक्री जेम पोर्टलवरून झाली असेल, तर माल तपासून स्वीकृतीचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असा नियम आहे. उशीर झाला तर खरेदीदार कार्यालयाला महिन्याला १ टक्का व्याज पडते. ते व्याज विक्रेत्याला मिळत नाही, जेमच्या खात्यात जाते. विक्रेत्याला व्याज हवे असेल तर वरच्या कायद्याचेच दार आहे.

वाट पाहताना घर कसे चालवायचे

पैसे योग्य दारातून मागितले तरी ते उद्या येत नाहीत. मधल्या दिवसांसाठी काही गोष्टी आजच करून ठेवता येतात.

योजनेचे खाते आणि दुकानाचे खाते वेगळे ठेवा. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. तेच खाते ग्राहकांना यूपीआयसाठी दिले, तर एका अनोळखी ग्राहकाच्या ७०० रुपयांमुळे पेन्शन, हप्ता, मुलांची शिष्यवृत्ती सगळे अडकते. दुकानासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडा. ते उघडताना योजनेच्या पैशांसाठीचे आधार-जोडणीचे खाते चुकून बदलले जाणार नाही, हे बँकेत विचारून घ्या.

विक्रीचे पैसे दुकानाच्या खात्यात साचू देऊ नका. आठवड्याला हिशेब करून घरखर्चाची रक्कम वेगळी काढा.

विनामूल्य वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले नागरिक यांना विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असते, क्रमांक १५१००. दावा दाखल करण्याआधी लोक अदालतीत तडजोडीसाठी अर्जही तिथूनच होतो. पैशांच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे आहे, ती उलटू देऊ नका.

झटपट कर्जाच्या अ‍ॅपपासून लांब राहा. भांडवल थांबले तर आधी बचत गटाचे अंतर्गत कर्ज पाहा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. अडकलेल्या आठ हजारांसाठी अ‍ॅपवरून घेतलेले पाच हजार पुढे कित्येक महिने पुरत नाहीत आणि सुटतही नाहीत.

"पैसे सोडवून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. आधी शुल्क भरा, ओटीपी सांगा, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाका, यातले काहीही कोणी सांगितले तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आत्याचे पुढे काय झाले

बँकेला लेखी अर्ज दिल्यावर कळले की सूचना दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची होती आणि वादातली रक्कम होती ७०० रुपये. एका गोधडीची किंमत. आम्ही बिल, कुरिअरची पावती आणि त्या ग्राहकाचे "खूप छान, मिळाली" हे उत्तर जोडून ईमेल पाठवला. दोनदा आठवण केली. पाच आठवड्यांनी ७०० रुपये सोडून उरलेले खाते सुरू झाले. ते ७०० अजून बांधलेले आहेत. आत्या म्हणाली, "गोधडी गेली, पैसेही गेले. पण निदान कुठं गेले ते कळलं."

आता तिचा हप्ता एका खात्यात येतो आणि गोधड्यांचे पैसे दुसऱ्या. शिलाई मशीनच्या खणात तिने एक वही ठेवली आहे: तारीख, ग्राहक, रक्कम, कुरिअर क्रमांक. पुढच्या वेळी पैसे अडले, तर पहिला कागद त्या वहीतून निघेल.